धंद्याच्या आयडियाचं पोस्टर करायचंय, पहिला ड्राफ्ट फार गच्च झालाय, मदत हवी

खळ्यावरून | २० फेब्रुवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी कुडाळ तालुक्यातली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. १० मार्चला जिल्हा पातळीवर नवउद्योगाच्या कल्पनांची स्पर्धा आहे, त्यात ए१ साइजचं एक पोस्टर लावायचं आणि समोर उभं राहून परीक्षकांना पाच मिनिटांत समजवायचं. टीममध्ये मी आणि माझी मैत्रीण, दोघीच.

आयडिया अशी. आमच्याकडे रातांबे (कोकमाची फळं) एप्रिलपासून पिकायला लागतात पण खरी झोड मे अखेर-जूनला असते, आणि नेमका तेव्हाच पाऊस. सोलं (सुकवलेली कोकमं) करायची म्हणजे फळांची सालं रसात बुडवा, मीठ लावा, उन्हात घाला, परत रसाचं पुट, परत ऊन, असं आठवडाभर चालतं. २०२५ ला तर पाऊस मे महिन्यातच आला, २६ मेला मान्सून मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं सांगितलं, म्हणजे आमच्याकडे त्याच्याही आधी. आईनं खळ्यावर ४० किलो सालं घातली होती, ताडपत्री टाकून टाकून चार दिवस काढले आणि शेवटी १३ किलोला बुरशी आली, ती मी स्वतः वजन करून परसात टाकली. तेव्हा डोक्यात आलं की पिकअपवर ड्रायर बसवून वाडीवाडीत न्यायचा आणि ओल्या सालांच्या किलोमागे १५ रुपये घेऊन सुकवून द्यायचं. ओळखीच्या काकांच्या काजू फॅक्टरीतल्या बोर्म्यावर (काजूगर सुकवायचा ड्रायर) आम्ही चाचणी घेतली, ५५ ते ६० अंशांवर ठेवून तीन पुटं धरून दोन दिवसांत सोलं तयार झाली, रंगही चांगला आला.

आता पोस्टर. शीर्षक आहे "नावीन्यपूर्ण फिरते निर्जलीकरण केंद्र : ग्रामीण सक्षमीकरणाकडे एक पाऊल". खाली प्रस्तावना, उद्दिष्टे, बाजारपेठ, कार्यपद्धती, आर्थिक नियोजन, निष्कर्ष, आणि चार फोटो. शब्द मोजले तर ४३० भरले. सरांनी छान म्हटलं पण माझ्या आईनं बघितलं आणि विचारलं, "ह्यात आमची सोलां खंय हत?" तेव्हापासून मला ते बघवत नाहीये. काय काढू, काय ठेवू?

दर्यावर्दी | २० फेब्रुवारी, रात्री ९:५०

गे बाय, आयेन बरोब्बर बोट ठेवल्यान. आमच्या वेंगुर्ल्यातव गेल्या वर्सा हीच गत झाली, अर्धी सोलां चुलीच्या वर माळ्यार सुकवली आणि सगळ्यांका धुराचो वास. आयडिया झकास हा. मीटिंगात आसंय, रात्री वाचून सविस्तर लिवतंय.

शाईवाला | २० फेब्रुवारी, रात्री १०:३५

ताई, माझं कोल्हापुरात फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजची पोरं असली पोस्टरं घेऊन येतात, त्यामुळे डिझाइनचं नंतर बोलूया, आधी छपाईचं सांगतो कारण ऐन वेळी तिथेच घोटाळा होतो.

फाइल ए१ मध्येच बनवा, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. ए४ वर करून "मोठं करून छापा" म्हणू नका. फोटो व्हॉट्सॅपवरून आलेले वापरू नका, साध्या सेटिंगला तो फोटो दाबून लहान करतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास राहते, आणि तो पोस्टरभर ताणला की इंचाला पन्नाससुद्धा ठिपके उरत नाहीत, सगळं भुरकट दिसतं. मोबाइलमधला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दोन हात लांबून बघायच्या पोस्टरला इंचाला १५० असले तरी चालतात, ३०० च्या मागे लागायची गरज नाही.

दुसरं म्हणजे फाँट. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेलं असणार, दुकानात कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी व्हर्जन आणि श्रीलिपीचे जुने फाँट असतात, तिथे फाइल उघडली की वेलांट्या उड्या मारतात. म्हणून पीडीएफ द्या आणि अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फाँट न लागणारे नुसते आकार करून द्या. आणि ती पीडीएफ स्वतः दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून एकदा शेवटपर्यंत वाचा.

तिसरं, कोकमाचा लाल. स्क्रीनवर जो लाल तुम्हाला दिसतो तो छापताना तसा येत नाही, काळपट पडतो नाहीतर विटकरी होतो. आधी वीतभर पट्टी छापून बघा, कुठलाही बरा दुकानदार काढून देईल. लॅमिनेशन मॅट करा, चकचकीत केलं तर हॉलच्या ट्यूबलाइटी त्यात दिसतात आणि मजकूर दिसत नाही.

बारा_बलुती | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मी थोडं वेगळं मत मांडतो. सगळे म्हणतील मजकूर कमी करा, पण अशा स्पर्धांना गुणांचा तक्ता असतो. समस्या, उपाय, बाजार, खर्च, व्यवहार्यता असे रकाने असतात आणि परीक्षक त्यात आकडे भरतात. तुमच्या पोस्टरवर बाजारपेठ नावाचा चौकोनच नसेल तर तिथे शून्य पडायची भीती आहे. आमच्या भाचीचं असंच झालं, पोस्टर देखणं होतं पण आर्थिक नियोजन तोंडी सांगू म्हणाली आणि पाच मिनिटं संपली. तेव्हा सौंदर्याच्या नादात मुद्दे गाळू नका एवढंच सांगणं.

मूळाक्षर | २१ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

बारा_बलुती, तुमची काळजी खरी आहे पण त्यावर उपाय चौकोन वाढवणं हा नाही. एक ए४ कागद करा, दोन्ही बाजूंनी, त्यात बाजार, खर्च, मशीनचा तपशील, सगळं. पंधरा प्रती काढा आणि पोस्टरखाली ठेवा, परीक्षक आला की आधी हातात द्या. पोस्टर थांबवतं, कागद घरी जातो.

पोस्टर गच्च होऊ नये याचा विचार शास्त्रज्ञांच्या परिषदांतही झालाय. २०१९ मध्ये माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थ्यानं मांडलं की मध्यभागी साध्या भाषेत एकच मोठं वाक्य घाला, बाकी सगळं कडेला बारीक, आणि क्यूआर कोड. ती पद्धत खूप जणांनी उचलली.

आता अक्षरांबद्दल, कारण हे मराठीत कोणी सांगत नाही आणि मला यात जीव आहे. इंग्रजी पोस्टरचे नियम देवनागरीला तसेच लावू नका. आपल्या ओळीच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त हवा लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला जाऊन चिकटतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते तिला हात लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दाणेदाणे होतो. फाँट मुक्ता घ्या, मोफत आहे, मुंबईच्या एक टाइपनं केलाय, बारीकपासून ठळकपर्यंत सगळी वजनं मिळतात. तेच एक घराणं पुरे, तीन फाँट नकोत. आणि "सुकवणाऱ्या", "दुसऱ्या" यातला ऱ्या नीट येतोय का बघा, कितीतरी पोस्टरांवर तो "र्‍या"चा "र्या" होऊन बसतो. काही फाँटांत भाषा मराठी निवडली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, तेही करून बघा.

आपल्याकडे कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं काढली, पेपरातल्या एवढ्याशा चौकोनात नुसत्या अक्षरांच्या वळणावरून नाटक गंभीर की विनोदी ते कळायचं. एका ओळीत किती मावतं ते त्यांच्या कामात बघा.

खळ्यावरून | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

शाईवाला दादा, मूळाक्षर, खूप खूप धन्यवाद. ए४ कागदाची कल्पना एकदम पटली, बाजारपेठ आणि कार्यपद्धती तिकडे हलवली.

आता एक मोठं वाक्य कुठलं यावर आमच्या दोघींचं अडलंय. मैत्रीण म्हणते "महाराष्ट्रातील पहिला फिरता कोकम ड्रायर" घालूया. दुसरं असं की भिजलेल्या सोलांचा आमच्याकडे फोटो आहे पण तो रात्री टॉर्चमध्ये काढलेला, तर एआयकडून चित्र करून घ्यावं का?

दर्यावर्दी | २१ फेब्रुवारी, रात्री ११:१५

"पहिला" लिवू नको गे. परीक्षकांतल्या एकान जरी म्हटल्यान की अमक्या ठिकाणी बघितलेलो, तर बाकीची चार मिनटां तुमी तेचोच खुलासो करत रवतलास.

चित्राचं मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. मी करून बघितलं आत्ताच, एआयला कोकम सांगितलं तर त्यानं आलुबुखार दिलं, एकदा तर सफरचंदासारखं काहीतरी देठाला पानासकट. जिल्ह्यातले परीक्षक आहेत, त्यांच्या दारात रातांब्याचं झाड आहे, खोटं फळ त्यांना लांबून कळेल आणि मग बोर्म्यावरची चाचणीसुद्धा खोटी वाटायला लागेल. टॉर्चमधला फोटोच बघू दे की आधी, टाक इथे.

खळ्यावरून | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

टाकला खाली. आईचा हात आहे, ओंजळीत सोलं. लाइट गेलेली म्हणून बाबांनी टॉर्च धरला होता.

मूळाक्षर | २२ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

अगं हेच तर पोस्टर आहे! बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडेला रसाचा जांभळट लाल डाग मुरलाय, एका सालीच्या वळीत पांढरी बुरशी स्पष्ट दिसतेय, आणि मागे ताडपत्रीवर साचलेलं पाणी टॉर्चमध्ये चमकतंय. मागचा सगळा अंधार आहे त्याच्यावर पांढरी अक्षरं घाल, वेगळी पट्टी लागणारच नाही. बाकीचे तिन्ही फोटो काढून टाक. आईला मात्र विचार, फोटो पोस्टरभर येणार आहे.

घाटावरची | २२ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

मी बँकेतून निवृत्त झाले, कर्जाचे प्रस्ताव वाचण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, म्हणून आकड्यांपुरतं लिहिते. बाळ, तुझ्या हातात दोन आकडे असे आहेत जे दुसऱ्या कोणाकडे नसतील, ४० किलो आणि १३ किलो. हे तू स्वतः तोललेस. ते मोठे घाल. इंटरनेटवरून उचललेली "कोकमाची जागतिक बाजारपेठ इतके कोटी" वगैरे ओळ ए४ वरूनसुद्धा काढ, त्यावर एक प्रश्न आला की उत्तर देता येत नाही.

दुसरं, मी परीक्षक असते तर पहिला प्रश्न हा विचारला असता : गाडीचा हप्ता बारा महिने भरायचा आणि सोलांचं काम दीड-दोन महिने, मग उरलेले दिवस ड्रायर काय करणार? याचं उत्तर पोस्टरवर हवं.

तिसरं, योजनांचे लोगो लावू नकोस. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना आहे, त्यात पात्र प्रकल्पाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. पण तू सुकवून देण्याची सेवा विकतेयस, ती त्यात कशी बसते हे आधी जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात जाऊन विचार. विचारून आलीस की "आम्ही विचारून आलो" एवढं सांगितलंस तरी परीक्षकाला कळतं की ही मुलगी उठून जाऊन कामं करते.

खळ्यावरून | २३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

काकू, तुमचा प्रश्न वाचून आम्ही दोघी रात्री बसलो. आईनंच सांगत नेलं आणि आम्ही लिहीत गेलो. एप्रिल-मे आंबापोळी आणि फणसपोळी, मे-जून सोलं, नोव्हेंबरपासून जानेवारी आवळा, फेब्रुवारी-मार्च मिरची आणि काजूबोंडं. जुलै ते ऑक्टोबर काहीच सुचत नाहीये. हे सगळं वाक्यात लिहिलं तर परत परिच्छेद होतोय.

आईनं फोटोला हो म्हटलंय, पण तोंड दिसता नये म्हणाली, हातच आहेत म्हटल्यावर हसली.

मूळाक्षर | २३ फेब्रुवारी, रात्री १०:५५

वाक्य नकोच. खाली आडवे बारा चौकोन काढ, महिन्याला एक, ज्या महिन्यात जे सुकतं त्याचा रंग भर. सोलांचा गडद लाल, आंब्याचा पिवळा, आवळ्याचा पोपटी. वर्षभराचा धंदा एका नजरेत.

घाटावरची | २४ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

आणि जुलै ते ऑक्टोबर रिकामे आहेत ते रिकामेच ठेव. पांढरे चौकोन. तिथे काहीतरी ओढूनताणून भरलंस तर बाकीच्या आठ महिन्यांवरचा विश्वाससुद्धा जाईल.

बारा_बलुती | २४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

बारा चौकोनांची कल्पना मलाही मनापासून आवडली. यात बाजार, वापर आणि व्यवहार्यता तिन्ही येतात, माझा आक्षेप मागे घेतो. शीर्षकाचं काय ठरलं?

दर्यावर्दी | २४ फेब्रुवारी, सकाळी ८:२५

माझ्याकडून एक : "पाऊस इलो. सोलां खंय सुकवतलास?"

परीक्षकांतला कोणी घाटावरून आलेला असला तरी एवढी मालवणी कळेल, आणि खाली मराठीत उत्तर दे, "आमचा ड्रायर तुमच्या वाडीत येईल, किलोला १५ रुपये." दर पोस्टरवर असलाच पाहिजे, शेतकरी पहिलं तेच विचारतो.

घाटावरची | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

मी घाटावरचीच, मला कळलं आणि अंगावर काटा आला. हेच घाल.

शाईवाला | २४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

एक घरच्या घरी करायची चाचणी सांगतो. पोस्टर ए४ वर छापा. ए१ हे ए४ च्या लांबी-रुंदीत पावणेतीन पटीच्या किंचित वर असतं, म्हणजे ए४ हाताच्या अंतरावर, दोन फुटांवर धरून जे वाचता येतं तेच ए१ वर साडेपाच फुटांवरून वाचता येणार. आता तोच कागद भिंतीला लावून चार-पाच फूट मागे या, शीर्षक वाचता आलं पाहिजे आणि १३ चा आकडा दिसला पाहिजे. नाही दिसला तर मोठा करा. चष्मेवाल्या आजोबांना उभं करून बघा, तुमच्या डोळ्यांवर जाऊ नका.

क्यूआर कोड घालणार असाल तर आठ-दहा सेंटिमीटरचा, पांढऱ्या जमिनीवर, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून. फोटोवर थेट टाकला की स्कॅन होत नाही. छापून झाल्यावर दोन वेगवेगळ्या मोबाइलनी तपासा.

खळ्यावरून | २ मार्च, संध्याकाळी ७:५०

दुसरा ड्राफ्ट वर लावलाय. सगळं मिळून ५८ शब्द. फोटो पूर्णभर, वरती अंधारात शीर्षक, उजवीकडे "४० किलोंतली १३ किलो वाया" एवढंच, मध्ये ड्रायरच्या गाडीचं रेषाचित्र (मैत्रिणीनं हातानं काढलंय), त्याच्याखाली "ऊन : आठवडा, बोर्म्यावरची चाचणी : २ दिवस", आणि तळाला बारा चौकोन. क्यूआरमध्ये चाचणीचा दीड मिनिटाचा व्हिडिओ. शेजारच्या आजोबांना भिंतीपासून लांब उभं केलं, त्यांनी शीर्षक मोठ्यानं वाचलं आणि लगेच म्हणाले, "खंय नाय सुकवणत, म्हणान तर दर वर्सा अर्धी टाकतंव." आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

लाल रंगाची पट्टी दोनदा छापून घेतली, पहिली खरंच विटकरी आली होती.

दर्यावर्दी | २ मार्च, रात्री ८:३०

आजोबांनीच पास केल्यानी! एक शंका, गरम हवेसाठी इंधन काय वापरणार? स्वस्त म्हणून काजूची टरफलं जाळायचा विचार असेल तर सांभाळून, त्यांच्यात झोंबणारं तेल असतं, धूर सोलांना लागता कामा नये. गरम हवा वेगळ्या नळीतून यायला हवी. आणि पावसात लाइट जाणार हे धरूनच चला, पंखा कशावर चालणार ते पाठ करून ठेवा.

खळ्यावरून | ३ मार्च, सकाळी ७:१०

गॅसवर, आणि पंख्याला बॅटरी, छतावर छोटं सोलर पॅनल. ए४ वर आहे पण रेषाचित्रात पॅनल दाखवलं नव्हतं. आज काढून घेते.

खळ्यावरून | ११ मार्च, रात्री ९:०५

काल झालं. तिसरा नंबर आला. पहिला नंबर ज्यांना मिळाला त्यांचं मशीन चालू अवस्थेत होतं, त्यांचा हक्कच होता.

काय झालं ते नीट सांगते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात. तिघं परीक्षक होते. पहिल्या बाई पोस्टरसमोर थांबल्या त्या फोटोकडेच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे हात कोणाचे. आईचे म्हटलं. दुसऱ्या सरांनी १३ वर बोट ठेवून विचारलं की हे कुठून आणलं, मी म्हटलं वजनकाट्यावरून, वहीतली नोंद दाखवली. तिसरे सर काही बोलले नाहीत, वाकून बारा चौकोन बघितले, ऑगस्टच्या पांढऱ्या चौकोनावर पेन टेकवलं आणि विचारलं, "इथे काय?" काकू, मी सरळ सांगितलं की इथे आज आमच्याकडे काम नाही, चार महिन्यांचा हप्ता आठ महिन्यांच्या कमाईतून काढावा लागेल, आणि तो कसा निघतो ते ए४ च्या मागच्या बाजूला आहे. त्यांनी कागद उलटवून तिथेच उभं राहून पूर्ण वाचला. पाच मिनिटांतली दोन त्यातच गेली पण मला ती सगळ्यात चांगली वाटली.

बक्षीस वाटप झाल्यावर हॉलच्या बाहेर जेवण वाढणाऱ्या बचत गटातल्या दोन बायका पोस्टरजवळ आल्या. त्यांच्या वाडीत रातांब्याची साठेक झाडं आहेत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की मे महिन्यात कधी येणार, आणि एका घराची सालं दुसऱ्या घरात मिसळणार तर नाही ना, कारण प्रत्येकीच्या मिठाचं आणि रसाचं प्रमाण वेगळं असतं. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे ड्रायरमध्ये घराप्रमाणे वेगळे ट्रे आणि त्यांवर खुणा लागणार.

घाटावरची | ११ मार्च, रात्री ९:४०

शाब्बास गं बाळ. त्या दोघींची नावं आणि वाडी त्याच वहीत लिहून ठेव, तारीख घालून.

शाईवाला | ११ मार्च, रात्री १०:१०

अभिनंदन दोघींचं. पोस्टर गुंडाळून ठेवताना छापील बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली तर लॅमिनेशनला सुरकुत्या पडतात. वाडीत दाखवायला लागेल ना.

दर्यावर्दी | १२ मार्च, सकाळी ७:३५

ट्रेंसाठी स्टीलची जाळी घ्या, ॲल्युमिनियम नको, कोकमाच्या आंबटपणानं ते खातं. माझ्या ओळखीत एक फॅब्रिकेटर आहे, व्यनि (खासगी निरोप) केलाय बघ. ट्रेचं माप किती धरलंयत?

खळ्यावरून | १२ मार्च, सकाळी ८:०२

व्यनि मिळाला. दोन बाय तीन फूट, बारा ट्रे धरले होते, पण आता घरागणिक वेगळे ठेवायचे तर लहान आणि जास्त करावे लागतील असं वाटतंय. आज संध्याकाळी त्या वाडीत जातोय, एका घराची एका वेळी किती सालं निघतात ते विचारून येते आणि मग माप सांगते.